रावपुऱ्यातल्या दोन टेबलांसाठी फॉन्ट मॅनेजर

गणपतीला तीन आठवडे उरले की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मंडळाचे दोघे कार्यकर्ते आमच्या डिझाइनच्या दुकानात येतात. "ताई, गेल्या वर्षीचाच फॉन्ट पाहिजे." कुठला? "तो जाडा, शेपूट वळलेला." गेल्या वर्षीची फाइल मी कर्व्ह करून ठेवलेली असते, म्हणजे त्यात अक्षरांच्या नुसत्या आकृत्या उरलेल्या असतात, फॉन्टचं नाव नसतं. मग ज्यावर आम्ही डिझाइन करतो त्या कोरलमधली फॉन्टांची यादी उघडायची आणि माउसचं चाक फिरवत बसायचं. कार्यकर्ते मागे उभे राहून "हा? नाही, नाही. हा?" करत राहतात आणि चहा दोनदा होतो.

यंदा हे नको होतं. मे महिन्यात लग्नांची गर्दी ओसरली तसं मी फॉन्ट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे फॉन्ट मॅनेजरच्या मागे लागले.

आधी आमचं काम सांगते, कारण निवड त्यावरच ठरते. रावपुऱ्यात दोन टेबलांचं दुकान. एकावर मी, दुसऱ्यावर माझा सहायक. पत्रिका, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, व्हिजिटिंग कार्डं. बडोद्यात नवऱ्याकडचे मराठी आणि नवरीकडचे गुजराती हे अगदी नेहमीचं, त्यामुळे एकाच पत्रिकेत दोन लिप्या, आणि स्थळाचा पत्ता इंग्रजीत. फॉन्टचा साठा बाबांच्या काळापासूनचा: सीड्या, पेनड्राइव्ह, कुणी 'तू पण घे' म्हणून दिलेले. मोजले तर ६,४०० फाइली निघाल्या. त्या सगळ्या विंडोजमध्ये टाकलेल्या होत्या आणि कोरल उघडायला लागेपर्यंत मी देवपूजा उरकू शकले असते.

या साठ्यात दोन जाती आहेत. एक युनिकोड फॉन्ट, ज्यांत प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची जागा असते, आणि दुसरे जुने. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये 'दिल्ली' लिहायचं तर संगणकाच्या लेखी तुम्ही एफ, एन, कॅपिटल वाय, स्मॉल वाय, एच एवढंच टाइप करता. गुजरातीतल्या जुन्या फॉन्टांचंही तेच. म्हणून फॉन्ट मॅनेजरमधली लिपीनुसार गाळणी आम्हाला अर्धीच उपयोगाची. फॉन्टच्या आत लिपीची जी नोंद असते ती वाचून सॉफ्टवेअर वर्गवारी करतं, आणि हे फॉन्ट स्वतःला इंग्रजी म्हणवतात. 'देवनागरी' निवडलं की माझे निम्मे देवनागरी फॉन्ट गायब!

सुरुवात मी पैसे भरून केली. नाव लिहीत नाही. वर्गणी, डॉलरमध्ये. फाइल उघडली की तिला लागणारे फॉन्ट आपोआप चालू करणं हा त्याचा मोठा गुण, पण ती सोय अडोबीच्या प्रोग्रॅमांसाठी होती आणि आमचं सगळं कोरलवर. शिवाय वर्गणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बनवलेले संच, म्हणजे कामाप्रमाणे केलेले फॉन्टांचे गट, उघडेनात. ऐन हंगामात असतं तर रडले असते.

मग नेक्ससफॉन्ट. फुकट, फक्त विंडोजवर चालणारं, आणि इतकं छोटं की पेनड्राइव्हवरूनही चालतं. दिसायला जुन्या जमान्यातलं. फॉन्टांचा फोल्डर दाखवायचा, संच करायचे. ते उघडं असेपर्यंत संचातले फॉन्ट कोरलला मिळतात, बंद केलं की सुटतात. मला ही पद्धत फार आवडली. सकाळी 'पत्रिका' चालू, दुपारी 'फ्लेक्स'. दुहेरी फॉन्ट शोधून देण्याची सोयही त्यात आहे. ६,४०० चे ३,९०० त्यानेच केले. त्या एका कामासाठी कुणालाही डोळे मिटून सांगेन.

कोरलच्या सोबत येणारा कोरल फॉन्ट मॅनेजर आमच्या संगणकावर कधीपासून पडून होता आणि आम्ही कधी उघडला नव्हता. २०१६ च्या एक्स८ आवृत्तीपासून तो येतो. फॉन्ट विंडोजमध्ये न टाकताही कोरलच्या यादीत दिसतात, एवढं कळल्यावर मी कपाळावर हात मारला. फक्त कोरलमध्येच काम करत असाल तर पुढचं वाचूही नका, हाच वापरा.

पण माझ्या सहायकाचा स्वतःचा लॅपटॉप मॅक आहे, आणि तो रात्री घरी सोशल मीडियाच्या पोस्ट करतो. म्हणून शेवटी आम्ही फॉन्टबेसवर आलो. तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. मूळ वापर फुकट, काही जादा सोयींना पैसे. फॉन्ट टाकावा लागत नाही, नावाशेजारच्या ठिपक्यावर क्लिक केलं की चालू. गुगलचे फॉन्ट आतच मिळतात. त्यात आमच्या गावाच्या नावाचा 'हिंद वडोदरा' पाहून सहायक इतका खूश झाला की दोन दिवस प्रत्येक कामात तोच. इंडियन टाइप फाउंड्रीचा गुजराती फॉन्ट, पाच वजनांत म्हणजे बारीक ते जाड अशा पाच जाड्यांत, आणि त्याचा देवनागरी भाऊ नुसता 'हिंद'. मराठी-गुजराती पत्रिकेत दोन्ही शेजारी ठेवले की एका घरातले वाटतात. देवनागरीची शिरोरेघ आणि गुजरातीचं बोडकं डोकं यांचा मेळ बसवणं सोपं नसतं.

आता खरी गोष्ट, जी मला कुणी सांगितली नाही. बहुतेक मॅनेजरांत नमुन्याचा मजकूर स्वतःचा टाकता येतो. मी टाकला: 'तऱ्हा, लक्ष्मी, शुभविवाह, सिद्धिविनायक, ॲड.' आणि बघते तर इंग्रजी फॉन्टमध्येही सुंदर देवनागरी! सहायक म्हणाला, "ताई, आपल्याकडे तर खजिना आहे." खजिना कसला. फॉन्टमध्ये अक्षर नसलं की विंडोज गुपचूप त्याच्यासोबत येणाऱ्या निर्मला यूआय फॉन्टमधून उसनं आणतं. ओळखायची खूण सोपी: पंधरा फॉन्ट एका ओळीत हुबेहूब सारखे दिसले की ती निर्मला. काही फॉन्टांत फक्त 'ॲड.'मधला 'ॲ' वेगळ्या जाडीचा दिसतो, कारण ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि त्याआधीच्या फॉन्टांना ते माहीतच नाही. वकिलांची कार्डं करणाऱ्यांनी हे आधी तपासावं. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हेही त्याच ओळीत कळतं. आमच्याकडच्या आज्या ते बघतात.

आज्यांवरून आठवलं. मार्चमध्ये एका पत्रिकेचं प्रूफ माझ्या टेबलावर बरोबर होतं. दुसऱ्या टेबलावरून छपाईला गेलं तेव्हा 'सिद्धिविनायक प्रसन्न'मधला द्ध फुटला, द खाली हलंत घेऊन उभा. नवरदेवाच्या आजींनी चष्मा न लावता पकडलं. सहायकाच्या तोंडून पहिलं वाक्य त्याच्या भाषेत निघालं, "बेन, फॉन्ट बदलाई गयो!" नाव तेच, आवृत्ती वेगळी. त्याच्याकडे जुनी फाइल होती. २५० पत्रिका आमच्या खर्चाने पुन्हा. तेव्हापासून दोन्ही टेबलांचा फॉन्ट-फोल्डर एकच, आणि मूळ फाइल कर्व्ह न करता वेगळी ठेवायची, नावात फॉन्टचं नाव घालून. छपाईला जाणाऱ्या प्रतीवरच कंट्रोल क्यू, म्हणजे कर्व्ह.

जुन्या फॉन्टांचे संच मी हाताने केले. नमुन्यात कृतिदेव पद्धतीची एक ओळ टाकायची, जे नीट वाचता येतील ते एकीकडे. गुजरातीसाठी वेगळी ओळ. आठ संध्याकाळी गेल्या, सेव उसळ खात खात. मी पाहिलेलं कुठलंही सॉफ्टवेअर हे आपोआप करून देत नाही. त्यामुळे विकत घेताना सोयींची लांब यादी मी वाचतच नाही. नमुन्याची ओळ बदलता येते का आणि संच पटकन करता येतात का, एवढंच बघते.

बाबांच्या सीड्यांवरचे टाइप १ फॉन्ट, म्हणजे अडोबीच्याच जुन्या पद्धतीचे, मात्र मी बाजूला काढले. अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या प्रोग्रॅमांतून त्यांचा आधार काढून घेतला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "असू दे, टाकू नकोस." टाकले नाहीत.

कार्यकर्ते यंदाही आले. 'गणपती' नावाचा संच उघडला, ४१ फॉन्ट, त्यांच्याच मंडळाचं नाव नमुन्यात. तिसऱ्या ओळीत शेपूट सापडली. एकच चहा झाला. 'तपासायचे' नावाच्या संचात अजून २१२ पडले आहेत, पण नवरात्राचे फ्लेक्स सुटेपर्यंत त्यांना हात लागायचा नाही.