कॉम्प्युटरचा 650 वॅटचा पॉवर सप्लाय आणि गावातली लाइन: नऊ महिन्यांचा अनुभव

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात बसून हे लिहितोय. वावरातल्या मोटरी सुरू झाल्या की ज्यांच्या घरची ट्यूबलाइट फडफडते, त्यांच्यासाठीच लिहितोय. पुण्या-मुंबईचे रिव्ह्यू मीही भरपूर पाहिले होते, पण त्यांच्या बोर्डात 230 व्होल्ट येतात. आपल्याकडे किती येतात, हे मल्टिमीटर घेईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

माझं मशीन, म्हणजे गेमिंगचा कॉम्प्युटर, साधंच आहे: रायझन 5 5600 प्रोसेसर, आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड, 16 जीबी रॅम. मागच्या दिवाळीला नागपूरहून, सीताबर्डीवरून सुटे भाग आणले आणि घरीच जोडलं. कार्डातच पैसे संपले, म्हणून पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज मशीनच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा, 450 वॅटचा, सव्वादोन हजारांचा घेतला. हिशेब करूनच घेतला होता. कार्ड 170 वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त 76, बाकी सगळं मिळून पन्नास धरा. लेबलवर 12 व्होल्टला 32 अँपिअर लिहिले होते, म्हणजे 384 वॅट. पुरायला हवं होतं.

तरी गेम खेळताना मशीन मधूनच धप्पकन बंद व्हायचं. रॅम बदलून पाहिली, ड्रायव्हर तीनदा टाकले, विंडोज नव्याने टाकलं. शेवटी एका वहीत वेळा लिहायला लागलो. दोन आठवड्यांत चित्र दिसलं: एक आठवडा मशीन दिवसा बंद पडत होतं, दुसरा आठवडा रात्री. वावरातली थ्री फेज लाइन आमच्याकडे अशीच आलटून-पालटून येते. आमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) गावाबरोबर जवळच्या मोटरीही आहेत, आणि तेव्हा गहू-चण्याला पाणी सुरू होतं. मोटरी चालू असताना बोर्डात मीटर लावला तर 172 व्होल्ट. एकदा 165.

मग तो सप्लाय काढून लेबल पुन्हा वाचलं. वॅट आणि अँपिअरच्या वर बारीक अक्षरात इनपुट लिहिलं होतं: 200-240 व्होल्ट. विकत घेताना ही ओळ मी वाचलीच नव्हती. त्या डब्यात बिघाड काहीच नव्हता. ज्या व्होल्टेजसाठी तो बनवला होता, ते माझ्या घरात नव्हतं, एवढंच.

जानेवारीत 650 वॅटचा, 80 प्लस गोल्डवाला (म्हणजे कमी वीज वाया घालवणारा) घेतला, सात हजारांच्या आसपास. इनपुट 100-240. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत ही ओळ वेगळी असू शकते. लेबल बघूनच घ्या. एनव्हिडिया या कार्डाला 550 वॅटचा सप्लाय सुचवते, मग मी 650 का घेतला? कारण व्होल्टेज पडलं की मशीनची भूक कमी होत नाही, सप्लाय तेवढे वॅट भरून काढायला जास्त करंट ओढतो. माझं मशीन गेमिंगला भिंतीतून 290 वॅटच्या आसपास घेतं. 230 व्होल्टवर ते सव्वा अँपिअर होतात, 165 वर पावणेदोन. तेवढं आतलं सामान जास्त तापतं. त्यात आपला मे महिना. पत्र्याखालच्या खोलीत, कूलर लावूनही, सप्लायच्या तोंडाशी जाणारी हवा चाळिशीच्या खाली नसते. काही सप्लायचे पूर्ण वॅट 40 अंशांपर्यंतच धरलेले असतात, चांगल्यांचे 50 पर्यंत. मी 50 वाला घेतला. निम्म्याहून कमी लोडवर चालतो, त्यामुळे मे महिन्यातही पंख्याचा आवाज जाणवला नाही. लाइन डिम झाली म्हणून मशीन बंद पडल्याचं या नऊ महिन्यांत एकदाही झालं नाही.

नवा सप्लाय लावूनही एक त्रास राहिला होता. कॅबिनेटला हात लागला की बोटाला झिणझिण्या यायच्या. वायरमन दादांना बोलावलं. त्यांनी टेस्टर लावला आणि म्हणाले, "तुया घराले अर्थिंगच नाही ना राजा." तीन पिनचा बोर्ड होता, पण तिसऱ्या पिनमागे वायरच नव्हती. सप्लायच्या फिल्टरमधून किंचित करंट नेहमी कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि अर्थिंग असेल तर जमिनीत जातो. नसेल तर तुमच्या बोटाची वाट बघतो. अंगणात खड्डा केला, रॉड, कोळसा, मीठ टाकून वायर आत आणली. झिणझिण्या त्याच दिवशी थांबल्या. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिथे आठवड्याला बादलीभर पाणी टाकतो. पॉवर सप्लाय घेण्याआधी हे करा. यात फक्त मशीनचा नाही, घरातल्या माणसांचा जीव आहे.

इन्व्हर्टरचं थोडक्यात: माझा यूपीएस मोडवर ठेवला तर लाइन गेल्यावर मशीन चालू राहतं, साध्या मोडवर रीस्टार्ट होतं. पण यूपीएस मोड 180 च्या खाली लाइन तोडून बॅटरीवर जातो, आणि मोटरींच्या वेळी बॅटरी उगाच संपते. त्या वेळी मी साध्या मोडवर टाकतो.

कमी व्होल्टेज हा सप्लाय झेलतो, जास्त झेलणार नाही. डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात 400 च्या जवळ येऊ शकतात. त्यासाठी मीटरजवळ व्होल्टेज फारच जास्त किंवा फारच कमी झालं की लाइन तोडणारा रिले बसवला. पावसाळ्यात गडगडायला लागलं की तरीही प्लग आणि नेटची केबल, दोन्ही काढतो.

आणि कापूस. भाव येईपर्यंत आमच्याकडे कापूस पुढच्या खोलीत भरलेला असतो. फेब्रुवारीत सप्लायखालची जाळी काढली, तर तिच्यावर पांढरी रुई गादीसारखी बसलेली. बोटाने सोलून काढली, अख्खा थर एकसंध निघाला. आता कापूस घरात असेपर्यंत दर पंधरा दिवसांनी जाळी काढतो. सप्लाय मात्र उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरवर 400 व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात.

काल चुलतभावाने दुकानातून खोक्याचा फोटो पाठवला. वॅट मोठ्या अक्षरात दिसत होते. म्हटलं, बाजू फिरव, इनपुटची ओळ दाखव. 100-240 होतं. घे म्हटलं, आणि येताना अर्थिंगची वायरही आण.