दाते पंचांग : मुहूर्ताच्या पलीकडे पाहताना

रोजची तिथी पाहायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी असते. पण ती तिथी कोणत्या क्षणी संपते आणि म्हणून व्रत आज करायचे की उद्या, हे नीट समजून घ्यायचे असेल तर पंचांगच उघडावे लागते. लक्ष्मणशास्त्री दाते यांनी सोलापुरात सुरू केलेले दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षे दृक्प्रत्ययी, म्हणजे प्रत्यक्ष आकाशात दिसणाऱ्या स्थितीशी जुळणाऱ्या, गणिताच्या आधारे निघत आहे आणि माझ्या मते घरोघरी ठेवावे असेच ते आहे.

तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाचही अंगे येथे दर दिवसाच्या एका ओळीत मांडलेली असतात आणि खरा आनंद ती ओळ वाचण्यात आहे. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी कधी सुमारे 20 तासांत आटोपते, तर कधी 26 तासांहूनही अधिक लांबते. सूर्योदयाला जी तिथी असते, तीच त्या दिवसाची तिथी मानतात. समजा, सूर्योदय 6 वाजून 10 मिनिटांनी आहे, षष्ठी 6.25 ला संपली आणि सप्तमी दुसऱ्या दिवशी पहाटे 5.55 लाच संपली, तर सप्तमीला एकही सूर्योदय लाभत नाही आणि तिचा क्षय होतो. दिनदर्शिकेत पंचमी, षष्ठी आणि मग एकदम अष्टमी दिसली की गोंधळणाऱ्यांनी त्या दिवसांच्या ओळी जरूर पाहाव्यात. करणाचा, म्हणजे अर्ध्या तिथीचा, रकानाही असाच उपयोगी आहे, कारण पौर्णिमेच्या पूर्वार्धात विष्टी करण, म्हणजेच अशुभ मानली जाणारी भद्रा असते आणि राखी कधी बांधावी हा राखीपौर्णिमेला दरवर्षी विचारला जाणारा प्रश्न तेथेच सुटतो.

मोबाइलवरील एका अ‍ॅपमध्ये मला वद्य पक्षाचे महिने उत्तरेकडील पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या, पद्धतीने दिसले. आपल्याकडील माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र तेथे फाल्गुनात गेली होती. अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे, महिने मानणाऱ्या मराठी घराला अशा ठिकाणी मराठी पंचांगाचाच आधार वाटतो. राहुकाळ या रोजच्या अशुभ मानल्या जाणाऱ्या वेळेबाबतही सावध राहावे. तो सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचा आठवा भाग असल्यामुळे सोमवारी साडेसात ते नऊ हे पाठ केलेले कोष्टक दिवस सहा ते सहा असेल तेव्हाच तंतोतंत जुळते. नागपूरचा सूर्योदय मुंबईच्या सुमारे 25 मिनिटे आधी होतो, हेही ध्यानात घ्यायला हवे.

संक्षिप्ताक्षरांची सवय होईपर्यंत नवख्या वाचकाला थोडा वेळ लागतो, म्हणून घरातील जाणत्या माणसाजवळ बसून एक पान वाचून घ्यावे. परदेशातील मराठी कुटुंबांनी मात्र छापील वेळा जशाच्या तशा वापरू नयेत: तिथी संपण्याचा क्षण जगभर एकच असला, तरी न्यू जर्सीत हिवाळ्यात भारतीय वेळेतून साडेदहा तास वजा करावे लागतात आणि तेथील सूर्योदय वेगळा असल्याने एकादशीचा दिवसही बदलू शकतो.