मेसोपोटेमियाच्या देवांचे पत्ते: संच घ्या, तक्ता गुंडाळून ठेवा

ठाण्यात राम मारुती रोडच्या आसपास पुस्तकांच्या एका दुकानात सध्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे प्राचीन इराकच्या, देवांचा मराठी पत्तेसंच मिळतोय. खोक्यात 96 पत्ते (त्यातले 4 कोरे), ए1 मापाचा भिंतीवरचा तक्ता आणि 24 पानांची पुस्तिका. किंमत 850 रुपये. या विषयावर मराठीत वाचायला मुळातच फार थोडं आहे, म्हणून कोणीतरी हे छापलं याचं आधी कौतुक. पत्ते खरंच मेहनतीने केलेत. तक्ता मात्र ज्या तत्त्वावर आखलाय, ते तत्त्वच या देवांना लागू पडत नाही.

पत्ता 7 बाय 10 सेंटिमीटरचा. पुढे देवाचं चिन्ह, मागे सुमेरी नाव, अक्कादी नाव (या तिथल्या दोन जुन्या भाषा), गाव, देऊळ, जोडीदार, वजीर आणि देवाचा ठरलेला अंक. एनलिलचा पत्ता उलटून पाहा: निप्पूर, एकुर, निनलिल, नुस्कू, 50. फापटपसारा नाही. चिन्हं कुदुर्रूंवरून उचललीत. बाबिलोनच्या कॅसाइट राजांच्या काळापासून जमिनीच्या दानाची नोंद या दगडांवर कोरत आणि साक्षीला देवांची चिन्हं काढत. मार्दुकचं टोकदार फावडं, नबूची लेखणी, सिनची चंद्रकोर, इश्तारचा आठ टोकांचा तारा, अदादची वीज, गुलाचा कुत्रा, एआचा अर्धा बोकड अर्धा मासा. चित्रकाराने मनाने देवांचे चेहरे रंगवले नाहीत, हे फार बरं झालं. कॅलेंडरछाप देव काढले असते तर संच तिथेच बाद झाला असता.

आता तक्ता. त्यात सहा रकाने आहेत: आकाश, पाणी, सूर्य-चंद्र, युद्ध, प्रेम, पाताळ. म्हणजे एकेका देवाला एकेक खातं. हे ग्रीक देवांच्या शाळकरी पुस्तकांमधून आलेलं वळण आहे आणि इथे ते पहिल्या दहा पत्त्यांतच अडतं. इश्तार प्रेमात ठेवायची की युद्धात? निनुर्ता लढवय्या आहेच, पण सुमेरी शेतीच्या उपदेशात तो एनलिलचा शेतकरी म्हणूनही येतो. शमाश सूर्य खरा, पण त्याचं मोठं काम न्यायनिवाड्याचं. शिवाय मेंढीच्या यकृतावरून कौल घेताना हाक मारतात ती शमाश आणि अदाद या जोडीला. तक्त्यात हे दोघे दोन टोकांना पडलेत. नेरगल युद्धाच्या रकान्यात छापलाय आणि एरेशकिगल पाताळात, म्हणजे नवरा-बायकोची ताटातूट.

मेसोपोटेमियाच्या लेखनिकांनी स्वतः याद्या केल्या होत्या, आणि त्या चांगल्या मोठ्या. शुरुप्पाक, म्हणजे आजचं फारा, इथे सापडलेली यादी साधारण इ.स.पू. 2600 ची. तिची सुरुवातच आन (अक्कादीत अनू), एनलिल, इनान्ना (इश्तार), एन्की (एआ), नान्ना (सिन), उतू (शमाश) अशी मानाच्या क्रमाने होते. पुढे इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ‘आन = अनुम’ ही यादी तयार झाली. मातीच्या सात पाट्या, सुमारे 2000 नावं, दोन रकाने: डावीकडे नाव, उजवीकडे हा कोण किंवा कोणाचा कोण. पहिली पाटी आन आणि एनलिल यांच्या गोतावळ्याची, दुसरी मातृदेवता आणि एन्कीची, तिसरी सिन, शमाश, अदाद यांची, चौथी इश्तारची. प्रत्येक ठिकाणी क्रम सहसा ठरलेला: देव, त्याची इतर नावं, बायको, तिची नावं, मुलंबाळं, मग वजीर, आणि शेवटी द्वारपाल, आचारी, न्हावी असला नोकरवर्ग. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. खंडोबा म्हटलं की म्हाळसा, बाणाई, हेगडी प्रधान, घोडा, कुत्रा हे सगळं बिऱ्हाड डोळ्यांसमोर येतं; ‘खंडोबा कशाचा देव?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. तक्ता आखणाऱ्याला हे सुचायला हवं होतं.

उपाय सोपा आहे, कारण लागणारी माहिती पत्त्यांच्या मागे आहेच. तक्ता बाजूला ठेवा आणि चार बाय चार फुटांची सतरंजी अंथरा. आधी यजमान देव एका ओळीत लावा: आन, एनलिल, निनहुरसाग, एन्की, नान्ना, उतू, इश्कुर (अक्कादीत अदाद), इनान्ना, निनुर्ता, नेरगल. प्रत्येकाखाली जोडीदार, मग मुलं, मग वजीर. एन्कीखाली दमगलनुन्ना, मुलगा असल्लुही आणि दोन तोंडांचा वजीर इसिमुद. नान्नाखाली निनगल आणि वजीर अलम्मुश. उतू आणि इनान्ना ही नान्नाचीच मुलं, पण दोघांचे संसार मोठे, म्हणून त्यांना स्वतंत्र उभी ओळ द्यायची आणि मधे दोरा टाकायचा. दोरा शिवणकामाचाच हवा. लोकर फुगते आणि पत्ते हलतात.

दोरे टाकताना गुंता होणार हे धरून चाला. उरुकमधल्या परंपरेत इनान्ना आनची मुलगी, इतरत्र नान्नाची. इश्कुरचा बाप कुठे आन, कुठे एनलिल. नेरगलची बायको लास, तर पाताळाच्या कथेत एरेशकिगल. पुस्तिकेने प्रत्येक वेळी एकच उत्तर छापून वाद मिटवलाय. ते चूक आहे. दोन रंगांचे दोरे वापरले की दोन्ही परंपरा दिसतात, आणि कोणत्या गावची कोणती हेही कळतं. उरुकला ए-अन्ना या देवळात इनान्ना आणि आन दोघांचं ठाणं होतं, मग तिथे ती त्याची मुलगी होणं साहजिकच.

नावांच्या बाबतीत संच धरसोड करतो. नान्ना आणि सिन एकाच पत्त्यावर, उतू आणि शमाशही एकाच पत्त्यावर, पण एन्की आणि एआ यांचे दोन वेगळे पत्ते. नियम एकच ठेवा: सुमेरी आणि अक्कादी नाव एकाच देवाचं असेल तर एक पत्ता. जादाचा एआ काढून ठेवला तरी बिघडत नाही. मातृदेवतेचं प्रकरण मात्र खरंच अवघड. निनहुरसाग, निनमाह, निनतू, अरूरू, बेलेत-इली या मूळच्या वेगवेगळ्या देवी हळूहळू एकमेकींत मिसळल्या. संचाने पाच पत्ते ठेवलेत आणि ते योग्यच केलं. एकीवर एक थोडे सरकवून लावा, म्हणजे पाचही नावं वाचता येतील.

अंकांवर पुस्तिकेत दोन पानं आहेत आणि तीच सगळ्यात फसवी. अनू 60, एनलिल 50, एआ 40, सिन 30, शमाश 20, इश्तार 15 असा जिना दाखवून ‘हा दर्जा’ असं लिहिलंय. पण सिनचे 30 महिन्याच्या 30 दिवसांवरून येतात. शिवाय देवाची खूण करून पुढे 30 लिहिलं की सिन वाचायचं, ही लेखनिकांची रोजची सोय होती. अदादसाठी 10 लिहितात, पण एका यादीत त्याला 6 आणि मार्दुकला 10 दिलेत. निनुर्तालाही 50 मिळतात, कारण तो एनलिलचा वारस. तेव्हा अंकावरून पत्ते लावायचा खेळ पुस्तिकेत सुचवलाय, तो खेळू नका.

सगळ्यात मोठी गफलत काळाची. तक्त्याच्या माथ्यावर बाबिलोनचा मार्दुक आणि उत्तरेच्या असीरियाचा अश्शूर शेजारीशेजारी बसलेत. बाबिलोनमध्ये मार्दुक वर चढला तो असल्लुहीसारख्या देवांना पोटात घेत. ‘एनुमा एलिश’ या बाबिलोनच्या सृष्टीकाव्याच्या शेवटी त्याला 50 नावं मिळतात, म्हणजे नेमका एनलिलचा अंक. नंतरच्या एका पाटीवर तर नेरगल म्हणजे युद्धाचा मार्दुक, नबू म्हणजे हिशेबाचा मार्दुक, अदाद म्हणजे पावसाचा मार्दुक अशी सरळ यादीच आहे. उत्तरेकडे अश्शूरने हेच केलं: एनलिलची बायको निनलिल तिथे मुल्लिस्सू या नावाने अश्शूरची बायको झाली आणि ‘एनुमा एलिश’च्या अश्शूरी प्रतीत मार्दुकच्या जागी अश्शूरच आला. दोघे एकाच मांडणीत बसवायचे नाहीत. आधी सुमेरी मांडणी लावा, तिचा फोटो काढा, मग मार्दुकला वर सरकवून दुसरा फोटो आणि अश्शूरला घेऊन तिसरा. तीन फोटो शेजारी ठेवले की तक्त्यात जे दिसत नाही ते दिसतं.

अनुन्नाकी या देवगटाला दिलेल्या लाल पट्टीचंही तेच. जुन्या सुमेरी मजकुरात ते सगळे थोर देव. ‘इगिगी हा दुसरा गट वर आकाशात, अनुन्नाकी खाली पाताळात’ ही वाटणी नंतरची. पझुझूला देवांत घातलंय, ते काढा. तो वाऱ्याच्या पिशाच्चांचा राजा, आणि लोक त्याचं डोकं ताईत म्हणून वापरत ते बाळ-बाळंतिणींवर उठणाऱ्या लमाश्तूला हाकलायला. लमाश्तू मात्र राहू द्या, ती अनूची मुलगी.

छपाईबद्दल एक तक्रार. पत्त्यांना चकचकीत लॅमिनेशन एकाच बाजूने आहे. ठाण्याच्या पावसाळी हवेत उघडी बाजू ओल धरते, फुगते, आणि पत्ता प्लास्टिकच्या बाजूला वाकतो. जूनच्या आधी डिजिटल छपाईवाल्याकडून मागच्या बाजूलाही मॅट लॅमिनेशन करून घ्या. आधीच वाकले असतील तर जाड पुस्तकांखाली दोन दिवस दाबून मगच द्या, नाहीतर बाक आत कायमचा राहतो. खोक्यात सिलिका जेलची एक पुडी टाका.

तक्ता सुटा 150 रुपयांना मिळतो, त्यावर पैसे घालवू नका. चार कोऱ्या पत्त्यांपैकी पहिला निनशुबुरचा करा. इनान्ना पाताळात अडकते तेव्हा एनलिल, नान्ना आणि एन्की यांच्या दारात मदत मागत फिरणारी ही तिची वजीर संचात नाहीच. दुसरा शमाशची बायको अया हिचा, तिसरा त्याचा सारथी बुनेने याचा. चौथा हाताशी राहू द्या.