बेन्झोइक आम्ल की सॉर्बिक आम्ल?
बेन्झोइक आम्ल (खाद्य-मिश्रक क्रमांक ई २१०) आणि सॉर्बिक आम्ल (ई २००) ही दोन्ही परिरक्षके, म्हणजे अन्न टिकवणारी द्रव्ये, पाण्यात फारशी विरघळत नसल्यामुळे पदार्थांत बहुधा सोडियम बेन्झोएट व पोटॅशियम सॉर्बेट या क्षारांच्या रूपात मिसळली जातात. दोघांचीही परिणामकारकता सामूवर (पीएच; तो जितका कमी, तितका पदार्थ आंबट) अवलंबून असते, कारण आम्लाचा आयनांत विघटित न झालेला, अखंड रेणूच बुरशी आणि किण्व (यीस्ट) यांच्या पेशीपटलातून सहज आत शिरू शकतो. सामू ५ असताना बेन्झोइक आम्लाचे असे रेणू सुमारे १४ टक्के, तर सॉर्बिक आम्लाचे सुमारे ३७ टक्के उरतात. सामू जितका कमी, तितके असे रेणू अधिक उरतात; म्हणूनच सरबते, लोणची अशा आंबट पदार्थांत स्वस्त बेन्झोएट पुरेसे ठरते. चीज आणि केक यांसारख्या सौम्य आम्लतेच्या पदार्थांसाठी मात्र सॉर्बेटच निवडावे.

क जीवनसत्त्व असलेल्या पेयांत बेन्झोएट वापरताना विशेष दक्षता हवी, कारण उष्णता व प्रकाश यांच्या सान्निध्यात त्यापासून अत्यल्प प्रमाणात बेन्झीन हे कर्करोगकारक द्रव्य तयार होऊ शकते. अशा पेयांसाठी सॉर्बेट मला निःसंशय अधिक योग्य वाटते. तेही सर्वस्वी निर्दोष नाही: काही बुरशी त्याचे विघटन करून रॉकेलसारखा वास निर्माण करतात, आणि पावाच्या कणकेत ते मिसळल्यास यीस्टचीच वाढ खुंटते.