नंबर स्टिकरखाली होता

मी बँकेत कर्जाच्या फाइली तपासतो. शिक्का पुसट दिसला तरी फाइल परत पाठवतो. अशा माणसाचे १,१७,५०० रुपये एका थेरपी सेंटरने गिळले. लिहितानाही लाज वाटते.

मुलगा सव्वाचार वर्षांचा. हाक मारली तर वळून बघत नाही, दिवसभर पंख्याकडे टक लावतो. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, ऑटिझमची शंका आहे, तपासून घ्या. त्याच आठवड्यात सेंटरच्या मॅडम भेटल्या. "पाच वर्षांच्या आत नाही केलं तर मग हातात काही उरत नाही, दादा." तपासणीचे ४,५००, ७२ सेशनचं पॅकेज ७८,००० आगाऊ, आणि 'इन्क्लुझिव्ह शाळेत सीट पक्की' म्हणून ३५,००० रोख. त्या ३५,००० ची पावतीसुद्धा नाही.

भिंतीवर त्यांचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये होतं. नोंदणी क्रमांकाच्या जागी काचेवर छोटा भीमचा स्टिकर. मी विचारलं, तर हसून म्हणाल्या, "मुलांनीच चिकटवलाय हो." मीही हसलो. नखाने खरवडला असता तर निघाला असता! पण त्या वेळी मुलगा पहिल्यांदाच कुणाच्या तरी मांडीवर शांत बसला होता. अशा वेळी कोण स्टिकर खरवडतं?

११ सेशन झाली, त्यात तीन 'ताई' बदलल्या. मग कुलूप. शाळेत चौकशी केली, तर मॅडमचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं.

स्पीच थेरपिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नंबर मागा आणि परिषदेच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. सेंटरच्या मोबाइलवर दाखवतील ते नको.

पोलीस चौकीत तीन फेऱ्या झाल्या. "सेशन झालीत ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे." फसवणुकीचं कलम ४२० चं आता ३१८ झालं, चौकीतलं उत्तर मात्र तेच. शिक्षण विभागात गेलो, तर सेंटर म्हणजे शाळा नव्हे, आरोग्य विभागात जा. आरोग्यवाले म्हणाले, हे हॉस्पिटल नव्हे, महापालिकेत बघा. महापालिकेतल्या बाईंनी अर्ज घेतला, पोच मागितली तर "साहेब मीटिंगमध्ये आहेत". म्हणजे मुलांवर थेरपी करायला दुकान कुणीही उघडावं, आणि ते कुणाच्या खात्यात येतं हे आईबापांनी उन्हातान्हात शोधत फिरावं! शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हे तिथे कुणी सांगितलं नाही, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा कळलं.

सीट विकत घेऊच नका. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांत अर्ज करता येतो, तोही फुकट. प्रमाणपत्रासाठी सरकारचं स्वावलंबन पोर्टल आहे, एजंट लागत नाही. जिल्हा स्तरावरच्या शासकीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते. रांग मोठी असते, म्हणून तर आम्ही मॅडमकडे गेलो.

आणि रोख देऊ नका. ते ३५,००० मी बायकोला न सांगता दिले होते. आज जेवताना सांगणार आहे.