पणजीच्या भरवस्तीतलं ज्येष्ठ निवास: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

स्वतःचं सगळं स्वतः करता येतं, पण स्वयंपाक, दुरुस्त्या आणि रात्रीअपरात्रीची काळजी आता डोक्यावर नको, अशा ज्येष्ठांसाठीच्या मध्य पणजीतल्या एका निवासात आम्ही दोघं राहतो. उन्हाळा झाला, अख्खा पावसाळा झाला, चवथही (गणेशचतुर्थी) झाली. निवासाचं नाव देत नाही, कारण दर आणि व्यवस्थापक दोन्ही बदलत राहतात. तपासायच्या गोष्टी मात्र त्याच असतात.

आमचं मत आधीच सांगतो. शहरातल्या निवासाला जे जास्त पैसे पडतात, ते फाटकाबाहेरच्या पाचशे मीटरांचे. मार्केट, बँक, औषधांचं दुकान, महालक्ष्मीचं देऊळ, चर्च चौकातली बाग हे सगळं कुणाला सोबत न घेता पायी गाठता आलं, तरच ते पैसे वसूल होतात. म्हणून निवास बघायला गेलात की खोलीत शिरण्याआधी ही वाट चालून बघा, आणि ती जुलैत बघा. डिसेंबरात पणजीतली कुठलीही जागा छान दिसते.

चालताना पायऱ्या मोजा. अठरा जून रस्त्यावरचा पदपथ इमारतींच्या सज्जांखालून जातो, त्यामुळे उन्हापावसाचा त्रास कमी. पण प्रत्येक इमारतीची जोती वेगळी, म्हणून दर वीस-पंचवीस पावलांवर एखादी पायरी चढा, एखादी उतरा. गुडघे दुखणाऱ्याला अंतरापेक्षा ही चढउतार जास्त थकवते. गुळगुळीत लाद्या ओल्या झाल्या की घसरतात, हे वेगळंच. आल्तिनोच्या चढावरचं निवास शांत असतं, हवाही चांगली, पण येताना चढण आहे. पंचाहत्तरीनंतर तिथून रोज खाली उतरणं होत नाही आणि मग शहरात राहण्याचा उपयोग राहत नाही.

पाणी तुंबण्याचं नीट विचारा, आणि व्यवस्थापकाला विचारू नका, शेजारच्या दुकानदाराला विचारा. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की सांतिनेजचा ओढा आणि मळा या वस्तीचा सखल भाग यांचं पाणी मांडवीकडे जायचं थांबतं आणि रस्त्यावर चढतं. दुकानांच्या शटरवर खाली पाण्याची रेघ राहिलेली असते, ती कुठवर आहे बघा. जमिनीखालच्या टाकीचं झाकण त्या रेघेपेक्षा वर हवं. नाहीतर गटाराचं पाणी टाकीत आणि तिथून नळात येतं. आमच्या इथे झाकण फूटभर उंच चौथऱ्यावर आहे, त्यामुळे पावसाळ्यात पोटाच्या तक्रारी झाल्या नाहीत.

टाकी किती मोठी, हेही विचारा. पणजीला पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारकडे जलवाहिनी फुटली तेव्हा राजधानी काही दिवस कोरडी होती. माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं, तर साठ जणांना तीन दिवसांसाठी साधारण २५,००० लिटर लागतं. यापेक्षा बराच कमी साठा असेल तर टँकरवर दिवस काढायची तयारी ठेवा.

आता न्हाणीघर. आम्ही सर्वात जास्त वेळ इथे घालवा म्हणू, कारण पडण्याचा धोका इथे जास्त. आधाराच्या दांड्यांना हात लावून बघणं पुरेसं नाही, अंगाचा भार टाकून बघा. विटांच्या भिंतीत विस्तारणाऱ्या बोल्टने बसवलेली दांडी हलत नाही. पोकळ पार्टिशनवर किंवा नुसत्या लादीवर स्क्रूने धरलेली दांडी वर्षभरात सैल होते आणि चिकटपट्टीची तर धरूच नये. कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटिमीटर असावी. त्याहून खाली असली की उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं आणि मदतीला आलेल्याला आत शिरता येत नाही. आमच्या मजल्यावर दोन खोल्यांची दारं अजून आत उघडतात. लेखी सांगूनही ती बदललेली नाहीत.

मदतीला बोलावण्याच्या घंटेचं बटण आम्ही आलो तेव्हा खांद्याच्या उंचीवर होतं. उभ्या माणसाला ते सोयीचं, पण घंटा लागते ती पडलेल्याला. पाठपुरावा केल्यावर जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबणारी दोरी लावून दिली, आणि ती नायलॉनची, भिजली तरी कुजत नाही. दोरी ओढल्यावर घंटा वाजते कुठे, हा पुढचा प्रश्न. फक्त स्वागतकक्षात वाजत असेल तर रात्री राखणदार फेरीला गेला की ऐकायला कुणी नाही. राखणदाराच्या मोबाईलवरही ती जायला हवी. बिनतारी घंटेची बॅटरी कळत नकळत संपते, म्हणून महिन्यातून एकदा पहाटे तीनच्या सुमारास ओढून बघायचा नियम इथल्या रहिवाशांनीच घालून घेतला आहे.

लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावतो का बघा. स्ट्रेचर जवळजवळ दोन मीटर लांब, आणि पणजीतल्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट चार-सहा माणसांच्या. मावत नसेल तर रुग्णाला खुर्चीवर बसवून न्यावं लागतं, आणि कमरेचं हाड मोडलेल्याला ते सोसत नाही. वीज गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते का, आणि जनरेटरवर लिफ्टसोबत फ्रीजही चालतो का, हेही विचारा. इन्सुलिन घेणाऱ्याला फ्रीज बंद राहून चालत नाही. गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, बांबोळीला, सातेक किलोमीटरवर, एरवी चिंता नाही. पण कार्निव्हलची किंवा शिगम्याची (गोव्यातला होळीचा सण) मिरवणूक असली की मधले रस्ते बंद होतात. १०८ ची गाडी त्या दिवशी कुठल्या गल्लीतून येणार, हे निवासाला आधीच माहीत असावं. आमच्या इथे मागच्या फाटकाची चावी राखणदाराकडेच असते, हे उत्तम.

दमटपणाशी मात्र सतत भांडावं लागतं. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात श्रावणापर्यंत बुरशी येतेच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. गोळ्या आठवड्याच्या डबीत पाकिटातून सोडवून भरू नका, पाकीट कापून तुकड्यासकट ठेवा. साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली की आकडे चुकतात.

जेवण घरच्यासारखं आहे, पण दोन गोष्टी. उकडे तांदूळ सांगितल्याशिवाय मिळत नाहीत. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या जागी सुके बांगडे, सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर) येऊ लागते. रक्तदाबवाल्यांना ते मीठ झेपत नाही. जुलैच्या आठवड्याचं जेवणाचं पत्रक मागून घ्या, त्यावरून स्वयंपाकघराचा अंदाज येतो. सोमवार-गुरुवारच्या शाकाहाराला इथे उत्तम खतखतं (अनेक भाज्यांची मिसळ) असतं. चवथीला कर्मचारी गावी जातात, तेव्हा दोन-तीन दिवस पातळभाजी, पाव आणि वरणभातावर निभावतं. आपणही गावच्या घरी जाणार असाल, तर गैरहजेरीच्या दिवसांची जेवणाची वजावट मिळते का, आणि त्यासाठी किती दिवस आधी कळवायचं, हे करारात लिहून घ्या.

पैशांत नजर ठेवायची ती वार्षिक वाढीवर. दरसाल दहा टक्क्यांनी सात-साडेसात वर्षांत शुल्क दुप्पट होतं, सात टक्क्यांनी दहा वर्षांत. निवृत्तिवेतन त्या चालीने वाढत नाही. सांगितलेला आकडा करासहित आहे का विचारा. ४०,००० वर १८ टक्के जीएसटी आला की ४७,२०० होतात.

विकत घ्यायचं की ठेव देऊन राहायचं, याचा विचार गोव्यात थोडा वेगळा करावा लागतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर इथल्या नागरी कायद्याप्रमाणे नवराबायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे धनी. एकजण गेल्यावर त्याच्या हिश्श्याची वारसांत वाटणी इन्व्हेंटरीने, म्हणजे कोर्टातल्या वाटणीच्या प्रक्रियेने, होते आणि ती लांबू शकते. मागे राहिलेल्याला त्या काळात खोली विकून लहान खोलीत जाणं कठीण. ठेवीचं तुलनेने सोपं. पावती दोघांच्या नावे हवी, आणि हयात असलेल्याला नवीन ठेव न भरता, एकट्याच्या कमी शुल्कात तिथेच राहता येईल, हे वाक्य करारात स्पष्ट हवं. आमच्या मसुद्यात ते नव्हतं, वकिलाने घालायला लावलं. ठेव परत किती दिवसांत आणि रंगरंगोटीचे किती कापून, हेही आकड्यांत लिहून घ्या.

बांदोडकर मार्गाकडच्या खोल्यांना शनिवारी रात्री कॅसिनोंच्या गर्दीचा आवाज येतो, आतल्या अंगणाकडच्या खोल्या शांत पण अंधाऱ्या. झोप हलकी असेल तर अंधारी घ्या, उजेडाला दिवसा बाहेर पडायचंच आहे. पाट्टोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं भरपूर, ओरेंची खाडी ओलांडली की आलंच. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेतही पायी जाता येतं.

हाताला धरून चालवावं लागतं, विसर पडू लागला आहे, रात्री उठवावं लागतं, अशांसाठी हे निवास नाही आणि तसं ते सांगतातही. ती वेळ आली तर किती दिवसांत खोली सोडावी लागेल? आमच्या करारात ९० दिवस आहेत आणि तेवढा काळ बाहेरची शुश्रूषा करणारी बाई खोलीत ठेवायची मुभा आहे. इतर दोन ठिकाणी विचारलं तिथे ३० दिवस सांगितले होते.