तोद्रा घळईच्या वाटेवरची चिठ्ठी: मोरोक्कोत स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी

तोद्रा घळई पाहायला तिकीट नाही. तिंघिर गावापासून 15 किलोमीटरवर चुनखडीचे जवळजवळ 300 मीटर उंच कडे दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. सगळ्यात अरुंद जागी रुंदी जेमतेम 10 मीटर, आणि मधून नदी व डांबरी रस्ता. हे सगळं फुकट बघायला मिळतं, तरी लोक या सहलीत हजारो दिरहम (मोरोक्कोचं चलन) घालवून बसतात. हे पैसे कसे जातात, हे मराकेशहून भाड्याची गाडी घेऊन निघणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं.

ॲटलास पर्वतातली तिश्काची 2260 मीटरवरची खिंड उतरून वारझाझात शहर ओलांडलं की रस्ता सरळ आणि मोकळा होतो. तिथून पुढे तिंघिरकडे किंवा झागोराकडे जाताना बोनट उघडून उभी असलेली गाडी दिसते आणि एकजण हात करतो. तो पैसे मागत नाही. अरबीत लिहिलेली चिठ्ठी देऊन म्हणतो, "पुढच्या गावात माझ्या भावाचं गॅरेज आहे, एवढी त्याला द्या." कधी दोघे असतात, मग एकजण गाडीतच बसतो. चिठ्ठी पोहोचते ती गॅरेजमध्ये नाही, गालिच्याच्या दुकानात. 'भाऊ' गळ्यात पडून आभार मानतो, पुदिन्याचा चहा येतो आणि उपकाराची फेड म्हणून 'फक्त बघायला' गालिचे उलगडले जातात. पंधरा-वीस गालिचे पायाशी पसरले, तीनदा चहा झाला, की रिकाम्या हाताने उठायची लाज वाटते. सगळा धंदा या लाजेवर चालतो.

वाळवंटात अडलेल्या माणसाला सोडून जाणं आपल्या मनाला पटत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून मदत अशी करा: न थांबता पुढच्या पोलीस नाक्यावर किंवा पेट्रोल पंपावर सांगा, नाहीतर 177 वर जांदार्मरीला, म्हणजे शहराबाहेरच्या पोलिसांना, फोन करा. चिठ्ठी घेऊ नका, अनोळखी माणसाला गाडीत घेऊ नका.

दुकानात शिरलातच, तर तीन ठिकाणी सावध राहा. पहिलं म्हणजे 'साब्रा', म्हणजे घायपातीचं रेशीम. या नावाने विकलं जाणारं बहुतेक कापड व्हिस्कोस असतं. काडी लावून हे दोन ओळखता येत नाहीत, कारण दोन्ही वनस्पतीजन्य धागे सारखेच जळतात. लोकरीबद्दल शंका असेल तर मात्र सुटा धागा मागून घ्या आणि काडीने पेटवा. व्हिस्कोस कागदासारखं भुरकन जळतं. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, आणि ज्योत बाजूला केली की ती विझते. दुसरं, कार्डाची स्लिप. एका युरोचे साधारण 10 ते 11 दिरहम होतात. भाव '3000' असा नुसताच बोलायचा आणि मशीनवर युरो टाकायचे, की किंमत दसपट होते. आकडा आणि चलन दोन्ही पडद्यावर वाचल्याशिवाय पिन दाबू नका. तिसरं, 'गालिचा घरी पाठवतो' हे वचन. निवडलेल्या गालिच्याऐवजी दुसराच येतो किंवा काहीच येत नाही. मागच्या बाजूला स्वतःची सही करून फोटो काढा. त्याहून बरं म्हणजे बॅगेत मावेल एवढाच घ्या.

त्या भागातल्या बायका खरोखर उत्तम विणतात. वाईट याचं वाटतं की या नाटकातला मोठा वाटा मधल्या दलालाच्या खिशात जातो आणि विणणारीच्या हाती फार थोडं लागतं.

घळईत 'इंग्रजीचा सराव करतोय' म्हणत कुणी बरोबर चालू लागतो आणि शेवटी वाटाड्याची फी मागतो. सरकारमान्य गाईडकडे ओळखपत्र असतं. ते नसेल तर पहिल्याच मिनिटाला नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हणा. पार्किंग सांभाळणाऱ्याला मात्र काही दिरहम द्यायची तिथली रीत आहे. त्यात फसवणूक नाही.

राहिली गाडी. करारात 'फ्राँशीज' या रकान्यात जो आकडा असतो, तेवढं नुकसान तुमच्या खिशातून जातं. 'फुल इन्शुरन्स' म्हटलं तरी टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग बहुधा त्यात येत नाही. घळईपुढे तामतातूश्त गावाकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर नेमकं हेच झिजतं, आणि जुना ओरखडा नव्याच्या नावावर खपवला जातो. ताब्यात घेतानाच व्हिडिओ करा: चारही टायरच्या कडा, पुढची काच, छत, बंपरच्या खाली, स्टेपनी, जॅक, किलोमीटर आणि इंधनाचा काटा. विमानाच्या वेळेला टेकून गाडी परत करू नका. घाई दिसली की कोरा फॉर्म सहीसाठी पुढे सरकवला जातो. अनामत फक्त अडवून ठेवली आहे की खात्यातून कापली आहे, हे काउंटर सोडण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये बघा. कापली असेल तर कारण तिथेच लेखी मागा आणि भारतात परतायची वाट न बघता त्याच दिवशी बँकेकडे तक्रार नोंदवा.